धसकलेलं पोरगं कोणतं

बोगद्यावरचा कँप, हिमाचल
दि. ८ नोव्हेंबर १९८२

ती. चांगुणाअक्कास,
मारोतीचा सप्रेम जयभीम. वि. वि. पत्र लिहिण्यास कारण की तुझं पत्र पोचलं. मी इकडं खुशाल हाय, तुम्ही सगळी तिकडं खुशाल असाल अशी उमेद धरतो. वाडीला जाशील तवा आईला माझा जयभीम सांग, अन् पत्र वाचताना आवाज मोठा कर. तिला आताशा कमी ऐकू येऊन राहिलं म्हणतीस.

उद्धवला लातूरला कारकुनी लागली हे वाचलं. आनंद झाला. असं लिहायची रीत हाय म्हणून लिहिलं. खरं सांगू तर पत्र पुन्हा पुन्हा वाचलं अन् हातातला चहा गार झाला. नवा जिल्हा झाला, नव्या कचेऱ्या उघडल्या, नव्या जागा निघाल्या, अन् त्यातली एक खुर्ची आपल्या उद्धवचीच वाट बघून राहिली होती. हितं आमच्या मशीनीजवळ बसायला दगड हाय. सकाळच्याला त्याच्यावर बसलं की दुपारपर्यंत कळत न्हाई, आपण बसलोय का चिकटलोय.

तू म्हणशील, सख्ख्या भावाचा हेवा करतोस? हाव, करतो. तुला सगळं ठावं न्हाई म्हणून सांगतो. धा सालामागच्या दुष्काळात रस्त्याच्या कामावर मुरमाच्या खदानीची दरड कोसळली तवा तू लोह्याला सासरी होतीस. आपले आबा गेले हे तू मागून येऊन पाहिलंस, बाकीचं ऐकलंस. लोकं आता अर्धंच सांगतात. खाली आबासंगं आम्ही दोघं भाऊ बी होतो. मला आधी काढलं, कारण माझा एक हात वर दिसत होता. उद्धवला मागून काढलं. त्याचे डोळे मातीनं भरलेले, अन् तोंडातून शब्द न्हाई. शेजारची पारूबाई आईला म्हणली, लेकरानं धसका घेतला गं धुरपता. बस्स. तिथून त्यो धसकलेला झाला, अन् मी नुसता मारोती राहिलो.

पारूबाईनं विळा लालबुंद तापवून पाण्यात विझवला अन् ते पाणी उद्धवला पाजलं. असलं उतरवणं आपण कवाच सोडलं होतं, पण आईनं त्या दिवशी कुणाला नको म्हणलं न्हाई. वाटी माझ्याच हातात होती. एक घोट तू बी घे, असं कुणी म्हणलं न्हाई. आबाचा जलदानविधी झाला, अन् त्याच्या दुसऱ्या दिवशी मी टोपलं घेऊन आईसंगं त्याच खदानीवर उभा. घरात रेशनच्या मिलो ज्वारीची लाल भाकर, ती दोघांना सारखी. पण कामावर लेकरांना सुकडी वाटायचे ती मी फडक्यात बांधून आणायची अन् उद्धवनं खायची. शेळीचं दूध उद्धवला. शाळा उद्धवला. त्याला रागावू नका, त्यो धसकलेला हाय. त्याला उन्हात धाडू नका, त्यो धसकलेला हाय. मी चौथीतून उठलो ते उठलोच.

माझं काम बरं हाय. बोगद्याच्या तोंडाशी हवेची मोठी मशीन हाय, ती पाइपातून आतल्या माणसांना हवा पोचवते. ती मी चालवतो. आत मी जात न्हाई, मला गर्दीचा कंटाळा. झोपतो बी बाहेरच, शेकोटीजवळ. पत्र्याच्या खोलीत लोकं लई घोरतात. आमचा मुकादम आपल्यातलाच हाय, उदगीरकडचा, व्यंकटरावमामा. माणूस गोड, पण डोळा मोठा बारीक.

माझ्यावरचा लोभ कमी करू नये. उद्धवला देऊन उरला तेवढा बी चालेल.
तुझा,
मारोती


लोहा
दि. ३० नोव्हेंबर १९८२

चि. मारोतीस,
अक्काचा जयभीम व अ. उ. आ. पत्र मिळालं. आईला वाडीला जाऊन वाचून दाखवलं. उद्धवच्या नोकरीवर तू जे जे लिहिलंस ते गाळून वाचलं, त्यामुळं पत्र लवकर संपलं. आई म्हणाली, एवढ्या लांबून एवढंच लिहिलं? मग म्हणाली, त्याला घोंगडी हाय का विचार. तर घोंगडी आहे का ते लिही.

आता कामाचं. उद्धवला सोयरीक आली आहे. मुलगी उदगीरची, चंद्रप्रभा नाव. बालवाडीत शिकवते. बोलायला मोकळी आहे, काळीसावळी आहे, आणि उद्धव तिच्याकडं बघून चक्क हसला. हसला म्हणजे तुला कळलंच, आपल्या घरात ती बातमी असते.

तू थोरला, तुझं आधी व्हायला पाहिजे, हे काय आम्हाला कळत नाही? पण बाबा, तू एका जागी राहशील तर कुणाला काही सांगता येईल. बल्लारशाला होतास, तिथून हैदराबादच्या हॉटेलात, तिथून निजामाबादला, मग कुठल्या धरणावर, आता हिमाचल. तुझा पत्ता लिहिलेली शाई वाळत नाही तोवर तू गाव बदलतोस. पोरीचा बाप विचारतो, मुलगा राहतो कुठं? त्याला काय सांगू, वाऱ्यावर?

खरी अडचण पुढंच आहे. चंद्रप्रभाचा सख्खा मामा म्हणजे तुझे मुकादम व्यंकटराव. उदगीरला कुणीतरी त्या लोकांच्या कानात घातलं की धुरपताबाईचं एक पोरगं धसकलेलं आहे. कोणतं ते त्यांना नक्की माहीत नाही. तर मुलीच्या बापानं व्यंकटरावांना कळवलंय, मुलाचा थोरला भाऊ तुमच्याच हाताखाली आहे, त्याला विचारून खरं काय ते लिहा. म्हणजे ही सोयरीक आता तुझ्या जिभेवर आहे.

मारोती, तो शब्द तोंडातून काढू नकोस. उद्धव लहान होता तेव्हा त्या शब्दाचा अर्थ होता, या लेकराला जपा. आता त्याच शब्दाचा अर्थ होतो, या घरात पोरगी देऊ नका. धसकलेला म्हटलं की लोकं त्याला वेड्याच्या पंक्तीत बसवतात. तुला विचारलं तर सांग, भाऊ शांत स्वभावाचा आहे. शांत म्हणणं काही खोटं नाही.

थंडीत बाहेर झोपू नकोस. घोरणाऱ्यांच्या कानात नाही, आपल्या कानात कापूस घालावा. माया आहे, ती मोजत बसू नकोस.
तुझी,
अक्का


बोगद्यावरचा कँप
दि. १९ डिसेंबर १९८२

ती. अक्कास,
मारोतीचा जयभीम. घोंगडी हाय.

तुझं पत्र वाचून माझं डोकं बोगद्यातल्या सुरुंगावानी उडालं. हा शब्द उद्धवनं एवढी सालं घोंगडीवानी पांघरला. त्याच्या खाली दूध पिला, शाळा शिकला, सावलीत बसला. आता मांडवात शिरताना तोच शब्द चपलेवानी बाहेर काढून ठेवायचा? अन् चपलेची राखण कुणी करायची, तर मी? वा गं अक्का. न्याव लई चांगला केलास.

हितं मागच्या हप्त्यात आत दगड पडला. पालमूरकडचा गुंडप्पा म्हणून हाय, त्याच्या बाजूलाच पडला, त्याला खरचटलं बी न्हाई. पण बाहेर आणला तवापासून गप. हिकडची लोकं म्हणतात, याला सदमा बसला. कंपाउंडर म्हणतो, शॉक हाय. पालमूरवाले आपल्या तेलुगूत आणखी काय म्हणून राहिले. सगळ्यांच्या बोलीत त्याच्यासाठी एक एक शब्द निघाला. मग जो त्यो येऊन त्याला चहा देतो, विडी देतो, खांद्यावर हात ठेवतो. गुत्तेदारानं सुट्टी दिली. मी मशीनीजवळ बसून बघून राहिलो, अन् अक्का, तुला खोटं कशाला सांगू, मला त्या गुंडप्पाचा बी हेवा वाटला. माणूस थरथर कापून राहिला, त्याला घास गिळंना, अन् मला वाटतं, नशीबवान हाय लेकाचा.

असं वाटणं चांगलं न्हाई हे मला कळतं. कळून बी वाटतंच.

मामानं अजून मला काही विचारलं न्हाई. विचारलं तर मी काय सांगीन त्याचा भरवसा धरू नका. शांत स्वभावाचा म्हणे! ज्याच्यासाठी आख्खी वाडी हळू बोलायची, त्यो शांत असणार न्हाई तर काय. माझ्यासाठी कुणी हळू बोललं असतं तर मी बी शांत झालो असतो. अन् थोरल्याच्या आधी धाकटा बाशिंग बांधून राहिला, हे कोणत्या गावात होतं? पत्ता बदलतो म्हणे. माझ्या पायाला एक जागा पटत न्हाई, त्याला मी काय करू. चांगली जागा मिळाली की राहीन.

आईला हे पत्र गाळून बी वाचू नको. वाचूच नको. राग आला तरी पत्र पाठवत जावं.
मारोती


लातूर
दि. ११ जानेवारी १९८३

ती. मारोतीदादास,
सप्रेम जयभीम. वि. वि. तुला पत्र लिहायला बसलो की माझं अक्षर लहान होतं, त्याबद्दल माफ कर.

अक्कानं तुझं पत्र मला दाखवलं. दाखवायला नको होतं, पण तिनं रागात दाखवलं. तू लिहिलंस ते सगळं खरं आहे. दूध मी पिलो. सुकडी मी खाल्ली. त्या वेळी मला वाटायचं, तुला भूक लागत नसेल.

इथं नवीन जिल्ह्यामुळं जिकडं तिकडं बांधकाम निघालं आहे. आमच्या कचेरीमागंच इमारत उठते आहे. टिपर येतो, मागचा फाळका उघडतो आणि खडी ओततो. तो आवाज झाला की माझ्या हातातला पेन खाली पडतो आणि मी उभा राहतो. साहेब विचारतात, कुठं निघालात? मी म्हणतो, पाणी प्यायला. एका दिवसात इतकं पाणी पितो की शिपाई साहेबरावनं मला मधुमेहाची तपासणी करायला सांगितली. फाइलींमध्ये दुष्काळग्रस्त, पूरग्रस्त, जळीतग्रस्त असे शब्द येतात. आपण दुष्काळग्रस्त होतो हे मला नोकरीला लागल्यावर कागद वाचून कळलं. तिथं ग्रस्त म्हटलं की धान्य मिळतं, पत्रे मिळतात, आणि काम संपलं की फाइल बंद होते. आपल्या वाडीतल्या शब्दाची फाइल कुणी बंद करत नाही.

दादा, तू माझा हेवा करतोस. तर ऐक. मी धसकलेला म्हणून मला जत्रेला नेलं नाही. विहिरीत पोहायला उतरू दिलं नाही. पोरांनी खेळात घेतलं तर त्यांना त्यांच्या आया हाका मारून न्यायच्या. तू हैदराबादहून पोस्टकार्ड टाकलंस तेव्हा त्यावरचा शिक्का बघत मी उंबऱ्यावर बसलो होतो. वाटायचं, याला कुणी धसकलेला म्हणत नाही, म्हणून हा कुठंही जाऊ शकतो. मला तुझा इतका राग यायचा की मी तुला उत्तरं लिहिली नाहीत. अक्काला वाटायचं, मी आळशी आहे.

मामांनी विचारलं तर खरं ते सांग. माझ्यासाठी खोटं बोललास तर तेही मला पुन्हा जपल्यासारखंच होईल, आणि जपून घ्यायला मी कंटाळलो आहे. चंद्रप्रभाला मीच सांगणार आहे. आई नको म्हणते. आईपुढं माझं चालत नाही, तुझं चालायचं.

माझ्यावर रागव, पण अबोला धरू नकोस, ही विनंती.
तुझा धाकटा,
उद्धव


बोगद्यावरचा कँप
दि. ६ फेब्रुवारी १९८३

ती. अक्कास,
मारोतीचा जयभीम. विचारलं मामानं. काय झालं ते सरळ लिहितो, मधी बोलू नको.

परवा सकाळी आतला पाइप कुठंतरी फुटला, हवा पुढं जाईना. पाइपवाला तापानं पडलेला. मामा मला म्हणला, मारोती, तूच जा, तुझ्या मशीनीचाच पाइप हाय, पट्टी आवळून ये. मी पाना घेतला, बत्ती घेतली, बोगद्याच्या तोंडापर्यंत गेलो. अन् अक्का, पाय पुढं जाईनात. मी त्यांना शिव्या दिल्या. मामानं हाक मारली. मागून कुणी हसलं. मी उभा तो उभाच, अन् अंगात एवढी थंडी असून घाम. शेवटी मामा स्वतः आत जाऊन आला.

बाहेर आल्यावर त्यानं मला चुलीजवळ बसवलं. म्हणला, आमच्या मेव्हण्याचं पत्र आलंय, तुमच्या घरात एक पोरगं धसकलेलं हाय म्हणतात, ते कोणतं ते कळव म्हणून. मी तोंड उघडणार, तर त्योच पुढं म्हणला, आता तुला काय विचारू बाबा, दोन हिवाळे बघून राहिलो. बर्फ पडला तरी पत्र्याखाली झोपत न्हाईस. चहाच्या टपरीत बी दाराच्या तोंडाशी बसतोस. कुठं कुदळीचा आवाज झाला की मान वर करून डोंगर बघतोस. मला वाटलं, ह्याला थंडी वाजत नसंल. आज कळलं.

मी बघतच राहिलो त्याच्याकडं. मला वाटायचं, मला मोकळी हवा आवडती.

त्यानं पुन्हा विचारलं, मग मेव्हण्याला लिहू का, की धसकलेला त्यो थोरला, धाकट्याचं काही न्हाई म्हणून? आता बघ, उद्धवचं पत्र माझ्या खिशात. खरं सांग म्हणून त्यानं लिहिलेलं. खरं म्हणजे दोघं, असं सांगायला पाहिजे होतं. पण माझ्या मनात काय आलं ठावं हाय का? आलं की हा शब्द आज माझ्या दारात आलाय, अन् ह्याच्यात बी उद्धवला वाटा देऊ? न्हाई देत. मी म्हणलो, हाव मामा. धसकलेला मीच. उद्धव चांगला हाय, ठणठणीत हाय, त्याला काही झालं न्हाई. मामानं तसंच लिहून धाडलं.

तर भावासाठी लई मोठं केलं, असं माझ्या नावावर कुणी सांगत बसू नका. मी त्याच्या हातातून हिसकावून घेतला तो शब्द.

घेतल्यावर कसं वाटलं म्हणशील. त्या दिवशी गुंडप्पावानी मला बी चहा आला. जो हसला होता त्यानंच आणून दिला. चहा कडू लागला असं लिहायला बरं दिसलं असतं, पण चहा गोड होता. लई गोड होता. आणखी एक मागून घेतला.

दुसऱ्या दिवशी मामानं मला मशीनीवरून काढलं. म्हणला, तुझ्यावर राग न्हाई, पण आतल्या माणसांचा जीव त्या हवेवर हाय, तुला मधीच काही झालं तर मी त्यांच्या घरी काय तोंड दाखवू. आता मी लाकडं आणतो, चुली पेटवतो. जेवायला बसलो की बाजूचे जरा सरकून बसतात. मायेनं सरकतात, पण सरकतात. अन् मामा जाता जाता म्हणला, तुझ्या लग्नाचं बी बघू कवातरी. बघू म्हणला ते अशा आवाजात की मला पुन्हा विचारावं वाटलं न्हाई. तू शब्दाचे दोन अर्थ लिहिलेस ते मला दोन दिवसांत दोन्ही मिळाले.

आता सोयरीक जमली असंल. मजा करा. आठवण ठेवा म्हणून मी सांगत न्हाई, ठेवायची तर ठेवा.
मारोती


लोहा
दि. १४ मार्च १९८३

चि. मारोतीस,
अक्काचा जयभीम व अ. उ. आ. या वेळी मी काही गाळलं नाही. तुझं पत्र आईला सगळं वाचून दाखवलं, तू नको म्हणाला होतास ते डिसेंबरचंही. तुला राग येईल. येऊ दे.

ऐकता ऐकता आई जात्याजवळ बसून राहिली. मग म्हणाली, त्याला लिही, मला ठाऊक होतं. तो झोपेत हात वर करायचा. मोठा झाला तरी करायचा. मी विचारलं, मग त्याला का नाही कधी धसकलेला म्हणालीस? तर ती म्हणाली, तुझा बाप गेला होता. चुलीला दोन हात पाहिजे होते. पारूबाई उद्धवला बोलून गेली ते बोलून गेली. मारोतीलाही तेच म्हटलं असतं तर गुत्तेदारानं त्याला कामावर घेतलं नसतं, अन् आम्ही तिघंही उपाशी राहिलो असतो. म्हणून मी त्याला खमक्या म्हणत राहिले. म्हणता म्हणता होईल असं वाटलं. हे तिचेच शब्द आहेत, मी फक्त लिहिले.

आता इकडची गंमत ऐक. व्यंकटरावांचं पत्र आल्यावर उदगीरची मंडळी खूश झाली आणि घर बघायला वाडीला आली. सगळं ठरत आलेलं. तेवढ्यात आपल्या उद्धवनं चंद्रप्रभाला अंगणात गाठून सांगितलं, दादा खोटं बोलला, धसकलेला मी पण आहे, खडीचा टिपर रिकामा झाला की माझ्या हातातून पेन पडतो. मला आत ऐकू आलं आणि मी कपाळावर हात मारला. ती पोरगी म्हणते कशी, पेनच पडतो ना, पगार तर पडत नाही? बालवाडीत माझी तीस लेकरं रोज सगळंच पाडतात. तिच्या बापाचा चेहरा उतरला होता. पण तिनं त्याला बाजूला नेऊन काय सांगितलं कुणास ठाऊक, जाताना तो वैशाखातली तारीख धरा म्हणाला.

हे इथंच संपलं असतं तर मी तुला कार्डावर कळवलं असतं. पुढचं लिहायला पाकीट घ्यावं लागलं.

चंद्रप्रभा घर बघत होती. आईच्या घराच्या भिंती आतून किती काळ्या पडल्या आहेत तुला माहीतच आहे. तिनं विचारलं, लग्नाआधी पोतारा देणार ना? पांढरी माती कुठून आणता? मी सांगितलं, ओढ्याच्या पलीकडं खाण आहे. ती पदर खोचून म्हणाली, द्या टोपलं, मी आत्ताच घेऊन येते. तिनं टोपलं उचललं आणि आईनं तिचा हात धरला. असा धरला, मारोती, की बांगडी फुटली. आई हात सोडेना. पाहुणे बघतायत. मी आईच्या बोटांना धरून सोडवायला लागले तर तिची बोटं लाकडासारखी.

मला इतक्या वर्षांत एक गोष्ट कधी सुचली नाही. त्या दरडीनंतर आई आपल्या हातानं माती आणायला कधीच गेली नाही. मी आणायची, नाहीतर पारूबाई आणायची. मला वाटायचं, म्हातारपण.

ती पोरगी हात न सोडवता तशीच खाली बसली. आईला विचारलं, आत्या, तुम्हीही तिथंच होता का? बघ, कालची पोर. आपण तिघांनी कधी विचारलं नाही, तिनं विचारलं. आई म्हणाली, हाव. वर कडेला उभी होते, टोपलं घ्यायला वाकले होते. माती गेली अन् खाली बघितलं तर तिघंबी दिसंनात. मग एक हात दिसला.

एवढंच म्हणाली. नंतर तिनंच सगळ्यांना चहा केला.

वैशाखात लग्न आहे. ये. आई तुझी झोपायची बाज आत्ताच अंगणात काढून ठेवायला सांगते आहे. पोतारा तसाच राहिला आहे.
तुझी,
अक्का


बोगद्यावरचा कँप
दि. २ एप्रिल १९८३

ती. आईस,
तुझ्या मारोतीचा सप्रेम जयभीम. अक्का, हे पत्र आईचं हाय, तू फक्त वाच. मोठ्यानं वाच.

आई, तू वर उभी होतीस हे मला ठावं नव्हतं. मला वाटायचं, तू टोपलं टाकायला रस्त्याकडं गेली होतीस, अन् गलका ऐकून मागून आलीस. एवढी सालं मी तुझा राग केला, कारण तू आबाच्या जलदानाच्या दुसऱ्याच दिवशी मला त्याच खदानीवर नेलंस. धाकट्याला घरी ठेवलंस अन् मला नेलंस. तू माझा हात धरला होतास. मनगट दुखत होतं, मी हिसडे देऊन राहिलो, तू सोडंनास. मला वाटलं, मी पळून जाईन म्हणून ओढत नेऊन राहिलीस. त्या पोरीचा हात तू कसा धरलास ते अक्कानं लिहिलं, अन् ते वाचून मी लाकडाच्या ढिगावर बसून राहिलो. तुला एकटीला तिथं जाता येत नव्हतं. माझ्या हाताला धरून जाता येत होतं.

मला कुणी तरी सांगायचं होतं ना गं. मी मोठ्या जोरात चाललो असतो.

मामाला सगळं सांगितलं. दोघं भाऊ धसकलेले, अन् आई बी. त्यो डोकं खाजवून म्हणला, मी मेव्हण्याला आता काय लिहू, आख्ख्या घराचं? मग म्हणला, भाची खमकी हाय, बघून घेईल. मला सुट्टी दिली. हिकडं परत येईन का न्हाई ते मामानं विचारलं न्हाई, मी बी सांगितलं न्हाई. उद्धवला मात्र सांग, तुझ्यावरचा माझा राग गेलेला न्हाई. मोठ्या मुश्किलीनं तो शब्द मी माझ्या नावावर करून घेतला होता, अन् त्यानं अंगणात जाऊन एका पोरीपुढं माझ्या हातून परत नेला. वर ती त्याला हसली बी. सगळं त्याचंच कसं जमतं म्हणतो मी.

आता माझं ऐक. माती आणायला कुणी जायचं न्हाई. ती पोरगी बी न्हाई, पारूबाई बी न्हाई. लोह्याच्या दुकानातून चुना आणा अन् हौदात भिजत घाला. लग्नाच्या आधी मी पोचतो. घराला आतून चुना मी मारणार. कवाड सताड उघडं ठेवीन. तू अंगणात बाजेवर बसून राहा, मला दिसशील अशी. मधी माझ्यानं आत थांबवंना झालं तर मी बाहेर येईन, तुझ्याजवळ बसीन, पाणी पिईन, अन् पुन्हा आत जाईन. किती बी येळा लागू दे, लोकं हसू दे.

अन् बाजेवर तुझ्या बाजूची जागा तेवढी मोकळी ठेव. उद्धव आला तर त्याला म्हणावं, उभा राहा जरा, नवरदेव असलास म्हणून काय झालं. ही थोरल्याची जागा हाय.
तुझा,
मारोती